वसुधानं लावलेले दिवे

बेळगावच्या खडेबाजारात कापडाचा धंदा कसा करावा, ते मला विचारा! म्हणजे विचारा मला, सांगेल आमची बायको, वसुधा.

पूर्वी आमच्या दुकानात इतक्या ट्यूबा होत्या, की शालू बघायला आलेली बाई पदरानं वारा घेत बाहेर पळायची. वसुधा लग्नाआधी कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिनं उन्हाळ्याआधी सगळं पालटलं. गच्चीला पांढरा रंग, दाराच्या काचेला ऊन अडवणारी काळसर फिल्म, आणि दिवे असे, की माणूस हलेल तिथंच पेटतील! एसी लहान झाला, तरी गारवा वाढला. विजेचं बिल तर मी देव्हाऱ्यात ठेवणार होतो!

थोरले बंधू दत्तोपंत अण्णा मात्र बिथरले. "कापडाचं दुकान झगमगायला पाहिजे! येळ्ळूरच्या परशराम आप्पांच्या मुलीचा बस्ता हातचा गेला, तर त्याच दिवशी जुन्या ट्यूबा परत! बघतोच, काय दिवे लावलेस ते."

"बरं, भाऊजी," वसुधा एवढंच म्हणाली. ही बाई घाबरत नाही, हे मला लई आवडतं.

लग्नाच्या खरेदीचा तो दिवस उजाडला. सकाळी वसुधा बँकेत गेली, अण्णा देवळात. मी गादीवर एकटा. काय तो गारवा! डोळा लागला. मी हलेना, म्हणून दिवे विझले. त्यात दार लावलेलं, काच काळी. समोरचा बांगडीवाला शामू ओरडला, "आं? साडीवाल्यांचं बंद?"

दुसऱ्या गावात बंद म्हणजे दुकान बंद. आमच्या बेळगावात बंद म्हणजे गाव बंद! कुणी पुकारला, कशासाठी, हे नंतर पेपरात वाचायचं. आधी शटर ओढायचं! शामूनं ओढलं, त्याचं बघून शेजारच्यानं ओढलं. त्या धडधडाटानं मी जागा झालो.

"काय झालं रं शामू?"

"बंद हाय न्हवं आज!"

"अरे देवा!" म्हणत मीही आमचं शटर ओढलं. जबाबदार व्यापारी आहे मी!

कोपऱ्यावरचा पोलीस पळत आला आणि कानडीत विचारू लागला, "बंद ऐतेन्री?"

"हौद्री, हौद्री!" मीही कानडीतच ठासून हो म्हटलं. त्यानं घाबरून साहेबाला फोन लावला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. परशराम आप्पा! "मालक, बंद हाय म्हनं? आमी टेम्पो भरून निघालोय. आता तसंच निपाणीला जातो बस्त्याला!"

गेला बस्ता! गेले वसुधाचे दिवे!

तेवढ्यात तीच आली. "अहो, बंद कुणी पुकारला?"

"सगळ्यांनी!"

"पण पहिलं बंद झालं कुणाचं?"

"वैनी, तुमचंच की!" शामू म्हणाला. "आत काळोख, दार लावल्यालं..."

वसुधानं माझ्याकडं बघितलं. "झोपला होता?"

"डोळे मिटून विचार करत होतो."

आप्पा निपाणीला निघाल्याचं मी सांगताच तिनं माझा फोन ओढून घेऊन त्यांना लावला. "आप्पा, बंदबिंद काही नाही. गाडी फिरवा. इथं येऊन गार पाणी प्या, मग हवं तर निपाणीला जावा." शटर वर करून ती दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, आणि तिच्या पुढं पुढं एकेक दिवा पेटत गेला. पोलिसानं कपाळावर हात मारला. मी मात्र बघतच राहिलो. अभिमानानं, हो!

टेम्पो आला, पाठोपाठ देवळातून अण्णाही आले. बायका गारव्यात ऐसपैस बसल्या, उठायचं नाव नाही! नवरीची आई बाळाबाई शालू निरखून म्हणाली, "रंग कसा खरा दिसतोय बघा! थोरलीचा शालू हितं जांभळा दिसला, घरात तपकिरी निघाला!"

अण्णा खाली मान घालून पानाचा डबा शोधू लागले. त्यांच्याच ट्यूबांखाली खपला होता तो शालू!

दुपार कलली तेव्हा अख्खा बस्ता आमच्याकडंच बांधून झाला. "त्या जुन्या ट्यूबा भंगारात घाला," अण्णा पुटपुटले. शामू तर म्हणाला, "वैनी, माझ्या बी दुकानात बसवा असले दिवे!"

हल्ली गिऱ्हाईक नसलं, की वसुधा मला दुकानभर फिरायला लावते, म्हणजे बाहेरून उजेड दिसतो. परवा एका म्हातारीनं विचारलंच, "मालक असं का गं येरझाऱ्या घालत्यात?"

"ते होय?" वसुधा साडीची घडी घालत म्हणाली. "ते आमचं बटण!"