मधल्या दगडावर जावकराव

जावकराव आयुष्यात एकदाच विचार न करता बोलले, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. (विचार करून बोलल्याचा एकही प्रसंग बायकोला आठवत नाही.)

ऑफिसातून बाहेर जाणारी सगळी पत्रं त्यांच्या टेबलावरून जात, म्हणून त्यांना सगळे जावकराव म्हणत. खरं आडनाव पगाराच्या स्लिपवर तेवढं उरलं होतं. ऑफिसात या वर्षाच्या सुरुवातीला नवे साहेब आले होते आणि ते भलते उत्साही होते. (उत्साही साहेबापेक्षा आळशी साहेब परवडला. तो निदान आपल्या खोलीत बसून राहतो.) शुक्रवारी चहाच्या वेळी साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "येत्या रविवारी आपण सगळे डोंगरात जाऊ. दिवसभर चालायचं, धबधबे बघायचे, संध्याकाळी परत. कोणाला अनुभव आहे?"

टंकलेखिका खिडकीबाहेर बघू लागली. शिपाई रिकाम्या कपांत बघू लागला. त्या शांततेत जावकरावांच्या तोंडून निघून गेलं, "कॉलेजात असताना दर रविवारी डोंगरातच असायचो, साहेब."

कॉलेजात असताना जावकराव दर रविवारी साडेअकरापर्यंत पांघरुणात असत.

"वा!" साहेब म्हणाले. "मग तुम्हीच आमचे मार्गदर्शक. काय माणूस आहात हो! मार्चचा तो अहवाल काय लिहिलात, आणि वर हे!"

जावकराव नम्रपणे हसले. त्या अहवालामुळे त्यांचं नाव विभागाच्या उपप्रमुखपदासाठी वर गेलं होतं.

घरी बायको शिवणाच्या क्लासाचे कागदी कटिंग घड्या घालून ठेवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"परवा टाकीचं झाकण बघायला शिडीवर चढलात, तर उतरवायला मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागली."

"शिडी हलत होती."

"शिडी तुमच्यामुळे हलत होती. मी पण येणार."

"अगं, ऑफिसची ट्रिप आहे. बायकांना न्यायचं ठरलेलं नाही."

"तुम्हाला परत आणायचं कोणी, हे ठरलंय का?"

ते ठरलेलं नसल्यामुळे ती आली.

रविवारी चौदा माणसं डोंगराच्या पायथ्याशी बसमधून उतरली. पावसाळा संपत आला होता. गवत कमरेएवढं वाढलेलं, कड्यांवरून पांढऱ्या धारा सुटलेल्या आणि ढग इतके खाली आलेले की शिपाई म्हणाला, हात वर केला तर ओला होईल. जावकरावांनी नवाकोरा केशरी रेनकोट चढवला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले. नशिबानं वाट एकच होती आणि बैलगाडी जाईल इतकी रुंद होती. त्यामुळे पहिले दोन तास मार्गदर्शन उत्तम झालं.

"तो कोणता धबधबा?" साहेबांनी विचारलं.

"तो मोठा," जावकराव म्हणाले.

"आणि त्याच्या बाजूचा?"

"तो त्याच्यानंतरचा."

साहेब प्रभावित झाले. बायकोला एकाएकी खोकला आला.

मग ओढा लागला. वाट ओढ्यापाशी येऊन थांबत होती आणि पलीकडच्या काठावरून पुढे जात होती. मध्ये सहा मोठे दगड होते. खालच्या अंगाला, बऱ्याच अंतरावर, ओढा कड्यावरून कोसळत होता. त्याचा आवाज असा की पाण्यावरून पलीकडे बोलायचं तर ओरडावं लागे. बायको तुरुतुरु पलीकडे गेली. साहेब, टंकलेखिका, शिपाई, एकेक करत तेरा जण गेले. मार्गदर्शकानं सगळ्यात शेवटी यायचं असतं, असं जावकरावांनीच जाहीर केलं होतं.

पहिला दगड झाला. दुसरा झाला. तिसऱ्यावर त्यांनी खाली बघितलं.

पाणी दोन्ही बाजूंनी सळसळत पळत होतं. बघता बघता पाणी जागच्या जागी थांबलं आणि दगडच जावकरावांना घेऊन कड्याकडे निघाला. त्यांनी दोन्ही हात पसरले, गुडघे वाकवले आणि तसेच राहिले. पुढे जाववेना, मागे वळवेना.

"पाय पुढे टाका!" बायको काठावरून ओरडली.

"काय? कुठले काका?"

"टाका! पाय टाका!"

"काकांना काय झालं?"

"दगड पक्का आहे!" साहेब ओरडले.

"धक्का? नको! धक्का अजिबात नको!"

पाच मिनिटं गेली, मग पंधरा. पलीकडे लोकांनी सतरंजी अंथरली. उकडलेली अंडी, ब्रेड आणि केळी बाहेर आली. शिपायानं लांब काठीच्या टोकाला केळं खोचून त्यांच्याकडे धरलं. पण ते घ्यायला एक हात आत घ्यावा लागला असता आणि जावकरावांचा सगळा तोल त्या हातावर होता. केळं परत गेलं. तेवढ्यात मागून शाळेच्या शिक्षकांचा एक घोळका आला. थोडा वेळ ते रांगेत उभे राहिले. मग "काका, चालू द्या तुमचं," असं म्हणत बाजूच्या लहान दगडांवरून निघून गेले. एका बाईंनी त्यांना नमस्कारही केला. (हा काहीतरी योगाचा प्रकार असावा, असा बाईंचा समज झाला.)

अर्धा तास झाला तेव्हा पोटऱ्या थरथरायला लागल्या आणि जावकरावांची खात्री पटली की आपण आता जाणार. वर्षानुवर्षं इतकी पत्रं जावक केली, आज आपली पाळी. त्यांना रडू आलं. जाण्याआधी मन मोकळं करावं म्हणून ते जीव खाऊन ओरडले.

"अगं, तुझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मला ऑफिसात काम नव्हतं! मी सिनेमाला गेलो होतो!"

"ठाऊक आहे!" बायको ओरडली. "तिकीट शर्टाच्या खिशात होतं! धुणं कोण करतं?"

"गॅलरीतलं गुलाबाचं झाड किडीनं मेलं नाही! मी त्याला अंड्याचं उकळतं पाणी घातलं!"

"तेही ठाऊक आहे! मुळाशी टरफलं होती!"

इतकी वर्षं जपलेली गुपितं अशी पटापट निकालात निघाल्यावर जावकरावांकडे एकच शिल्लक राहिलं. ते बायकोलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

"साहेब! मार्चचा अहवाल मी लिहिला नाही! तो टंकलेखिकाबाईंनी लिहिला! मी फक्त शिक्का मारून पाठवला! तुम्ही शाबासकी दिलीत तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुम्ही पाठ थोपटत होतात आणि बरं वाटत होतं! आणि डोंगरात मी आज पहिल्यांदाच आलोय!"

हेही पलीकडे सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. टंकलेखिकेच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती लाल झाली आणि हळूच म्हणाली, "परिशिष्टातली आकडेवारी जरा घाईत झाली होती, साहेब."

तेव्हा बायको उठली. तिनं सलवार गुडघ्यापर्यंत वर केली, बूट काढले आणि दगडांकडे न बघता सरळ पाण्यात उतरली. जावकराव किंचाळले, "अगं, वाहून जाशील!"

पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. ती चालत आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उतरा आता."

"एवढंच पाणी?"

"म्हणूनच मघापासून 'पाय टाका' म्हणून ओरडत होते. तुम्ही काकांची चौकशी करत होतात."

तिनं हात धरला. ते उतरले.

काठावर कोणी हसलं नाही. साहेब पुढे आले. "जावकराव, उपप्रमुखपदाचं उद्या बदलावं लागेल. बाईंचं नाव जाईल."

"हो, साहेब."

"पत्र तुमच्याच टेबलावरून जाईल."

"लगेच जावक करतो, साहेब."

टंकलेखिकेनं दोन अंडी सोलून त्यांच्यापुढे ठेवली. वर मीठही घातलं. त्या सबंध दिवसात जावकरावांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पद गेलं होतं, अब्रू गेली होती, आणि भूक मात्र सडकून लागली होती.

उतरताना बायको पुढे होती आणि सगळे तिच्या मागे. ऊन पडलं म्हणून जावकरावांनी रेनकोट काढून काखेत धरला होता. ओढ्याच्या थोडं खाली सात-आठ जणांचा एक दमलेला घोळका भेटला. त्यातल्या एका गृहस्थांनी कपाळाचा घाम पुसत विचारलं, "अहो, आमचे शिक्षक मित्र पुढे गेलेत. त्यांनी फोनवर खूण सांगितली होती, की ओढ्यात केशरी रेनकोटवाला एक माणूस उभा आहे, तो दिसला की डावीकडे वळा. आम्ही तासभर ओढ्याच्या काठानं वरखाली फिरलो, पण माणूस काही सापडला नाही. तुम्हाला दिसला का?"

जावकरावांनी रेनकोट पाठीमागे लपवला.

"तो ना? मघाशीच काढला तिथून," बायको म्हणाली. "तुमची फारच अडचण होत असेल, तर परत नेऊन उभा करते."