दोन नंबर तेहतिसाव्या जागी

कॉम्प्युटरवर माझी यादी कधी चुकत नाही, असं मी आमच्या चारठाणा गावात छातीठोकपणे सांगून बसले होते! मोतीबिंदू शिबिराची यादी तर शिवरंजनीला मांडीवर पाजता पाजता केली. प्रत्येक पेशंटचं एक डॉक्युमेंट. त्यात नाव, वय आणि आल्या क्रमाने दिलेलं टोकन. एकशेवीस डॉक्युमेंटं डेटाबेसात टाकली आणि हुकूम सोडला, टोकनप्रमाणे लाव!

ऑपरेशनसाठी परभणीला निघालेल्या गाडीत जागा वीसच. माझ्या सासूबाईंचा, गौराबाईंचा, नंबर २. दोन वर्षं मनधरणी केल्यावर तयार झालेल्या! "आज गेले तर गेले. पुन्हा नाव काढायचं न्हाई!"

मी माइकवरून पुकारलं, "एक!" सिताराममामा चढले.

स्क्रीनवर पुढे १०. मग थेट १००!

शंभर म्हणजे शेजारच्या धुरपताबाई. पोहे-चहा उरकून नऊला आलेल्या. गाडीत अशा चढल्या, जशी काही वरमाय!

"मी पहाटं पाचला आले, आन् ही म्होरं?" सासूबाई कडाडल्या.

"एकशे एक! एकशे दोन!" मी आपली पुकारतेच आहे!

"शिवप्रकाश, चल घरी! तुझ्या बायकोला मला न्यायचंच न्हाई!"

"आई, थांब की जरा. स्वप्ना बघायलीय."

"काय बघायलीय? मोतीबिंदू मला झालाय का तिला?"

नवरा माझ्या कानाशी आला. "लवकर कर, आई चपला घालायलीय!"

मी यादी खाली सरकवली. १०९, ११, ११०... आणि २ तेहतिसाव्या जागी! टोकन मी संख्या म्हणून भरलंच नव्हतं, मजकूर म्हणून भरलं होतं. डेटाबेस बिचारा शब्दकोशासारखं पहिलं चिन्ह बघत होता. १ ने सुरू होणारे सगळे आधी, मग २!

एका हाताने लेकीला थोपटत दुसऱ्याने क्वेरीत, म्हणजे त्या हुकमात, एक ओळ घातली: आकड्यांना आकडे समज. १, २, ३, ४!

"दोन नंबर! गौराबाई!" मी अशी ओरडले की शिवरंजनी दचकून रडायला लागली. धुरपताबाईंना खाली उतरवताना मी जे ऐकलं, ते इथे लिहिता येणार नाही. पण सासूबाई गाडीत बसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला!

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. सासूबाईंनी नातीचं तोंड डोळे भरून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या, वरपासून खालपर्यंत बघितलं. संपलं, आता यादीचा उद्धार!

"अगं माय, किती वाळलीस! जेवतीस का न्हाई?"

सहा महिने मी बाळाच्या गडबडीत दोन घास खाऊन "पोटभर जेवले हो" असं ठोकून देत होते. ती सोय मी माझ्याच हाताने घालवली!