फॅन वर, जावई खाली

कुमार दिवाळीला सासुरवाडीला आला तो खांद्यावर एक खोकं घेऊन. वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीतून उतरून दीड मैल चालत आला, दारातून शिरताना नेहमीप्रमाणे कमरेत वाकला आणि खोकं ओटीवर ठेवून म्हणाला, "मामा, फॅन आणलाय. छताचा. उन्हाळ्यात लावा."

तो एवढंच बोलला. कुमार मुळातच कमी बोलणारा माणूस. शिरवळकडच्या एका कारखान्यात नोकरीला होता, वर्षातून दोनदा यायचा, ओटीवर भिंतीला टेकून बसायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघायचा. तो निघाला की सुलक्षणाही निघायची. एकुलती एक लेक, पण माहेरी तिचे दोन मुक्काम म्हणून होत नसत. त्यामुळे जावई जे काही बोलेल त्याचा अर्थ लावायला सासरा गेनबा आणि सासू साळूबाई यांना पुढे महिनाभर वेळ असे.

"उन्हाळ्यात लावा म्हंजे काय, कळलं का?" साळूबाई म्हणाली. "त्याला हितं ऱ्हायाचंय. पर आपल्या घरात फॅन न्हाई म्हून एका मुक्कामात पळतोय. उकडतंय त्याला."

"दिवाळीत?" गेनबा म्हणाला.

"आतनं उकडत आसंल. एवढा लांबलचक माणूस."

गेनबाला हे पटलं. तो स्वतः पाच फूट एक इंच होता, आणि उंच माणसाला काय काय होत असेल याची त्याला काही कल्पना नव्हती.

चैत्रात गावची जत्रा. जत्रेला लेक-जावई येणार, म्हणून आठ दिवस आधी गेनबा नसरापूरला गेला आणि मन्सूरभाईंना घेऊन आला. मन्सूरभाई वायरमन म्हणजे त्या रस्त्यावरचं भरवशाचं नाव. त्यांनी जोडलेलं बटण कधी ठिणगी मारत नसे. फक्त घाई हा शब्द त्यांच्या पिशवीत नव्हता. त्यांनी चहा घेतला, खोकं उघडलं, फॅनची पाती एकेक करून पुसली आणि मग टेप काढून वर बघितलं.

वर माळा होता. वर्षाचं भात तिथे पोत्यांत असायचं. हे घर बांधलं गेनबाच्या वडिलांनी, आणि तेही गेनबाएवढेच होते, तेव्हा त्यांनी आपल्या मापाने माळा टाकला होता. जमिनीपासून तुळई बरोबर सहा फुटांवर. त्या घराण्यात त्याच्या वर कुणाचं काही कामच नव्हतं.

"गेनबादादा, ह्या दांडीनं फॅन लावला तर पाती पावणेपाच फुटावर फिरत्याल," मन्सूरभाई म्हणाले.

"मग?"

"मग तुमाला हितनं रांगत जावं लागंल."

गेनबाने विचार केला. "दांडी आखूड करा."

मन्सूरभाईंच्या पिशवीत आखूड दांडी होती. ती लावून, तुळईला हूक मारून, वायर ओढून, बटण बसवून दुपारी फॅन सुरू झाला. साळूबाई पदर सावरून बरोबर खाली उभी राहिली. फॅन गरगर फिरला आणि माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून भाताचा कोंडा, जुनी जळमटं आणि दोन वाळक्या पाली साळूबाईच्या डोक्यावर पडल्या. वारा मात्र आला नाही.

"वारं कुठाय?" साळूबाईने डोळे मिटूनच विचारलं.

"वहिनी, फॅन वरचं वारं वडतो आन् खाली टाकतो," मन्सूरभाई शांतपणे म्हणाले. "वर वारंच न्हाई. कोंडा हाय. त्यो टाकतोय."

शिवाय आखूड दांडीनेही पाती सव्वापाच फुटांवर होती. गेनबा सुखरूप होता, पण प्रश्न जावयाचा होता.

"जावई किती उंच?" मन्सूरभाईंनी विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. गेनबाने हात वर करून दाखवला, पण त्याचा हात पोचेना. मग साळूबाईला आठवलं, लग्नात हार घालायला सुलक्षणाला एकावर एक दोन पाट ठेवून उभी केली होती आणि तरी तिला हात पूर्ण वर करावे लागले होते. सुलक्षणा आईएवढीच. साळूबाईने दोन पाट मांडले, वर चढली आणि हात ताणून कुणी नसलेल्या जावयाला हार घातला. माळा मध्ये येत असल्याने हा कार्यक्रम अंगणात झाला. मन्सूरभाईंनी एक बांबू शेजारी उभा धरला, तिच्या मनगटापाशी खूण केली, अंदाजाने थोडं कमी केलं आणि कोयत्याने तोडला. सहा फूट दोन इंच भरला.

"ह्यो तुमचा जावई," ते म्हणाले. "ह्याच्या डोक्यावरनं पाती गेली तर काम झालं."

बांबू ओटीवर आणला तर तो उभाच राहीना. तुळईला अडला. गेनबाला आपला जावई या घरात सरळ उभा राहू शकत नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आजवर त्याला वाटायचं, पोरगा नम्र आहे.

"आसं करा," मन्सूरभाई म्हणाले, "माळाच काढा."

"आन् भात कुठं ठिवू?"

"मग जावयाला दारातनं आत घ्यायचं आन् लगी बसवायचं. उठू द्यायचं न्हाई."

"जावई हाय त्यो," साळूबाई म्हणाली. "म्हस न्हाई दावणीला बांधायला."

गेनबा मात्र पायाखाली बघत होता. घर उतारावर होतं, आणि वडिलांनी जोतं चांगलं तीन फूट उंच घेतलं होतं, आत नुसती मुरमाची भर. "मन्सूरभाई," तो हळूच म्हणाला, "वर जाता येत न्हाई. पर खाली जाता येतंय की."

मन्सूरभाईंनी टेप मिटला. "वायरिंगचं माझ्याकडं," ते म्हणाले. "जमिनीचं तुमी बघा." आणि ते एसटी धरायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शेजारचा चिमाजी पहार आणि कुदळ घेऊन आला. दोघांनी दोन दिवसांत ओटी दोन फूट खाली नेली. मुरूम अंगणात टाकला, त्याचा ढीग कौलांच्या कडेला टेकला. आता घराचा हिशेब जरा बदलला. उंबरा जिथे होता तिथेच राहिला, आणि त्याच्या आत एकदम खड्डा. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, ते खणलं नव्हतं, त्यामुळे ते ओटीच्या दोन फूट वर गेलं. साळूबाई तिथून वाकून ताट खाली द्यायची आणि गेनबा हात वर करून घ्यायचा. बटणाचा बोर्ड होता त्या जागी भिंतीवर, म्हणजे आता साळूबाईच्या हाताच्या वर. दिवा लावायला तिला आधी पाट शोधावा लागे, आणि पाट अंधारात सापडत नसे.

"मन्सूरभाईंना सांगावा धाडा," ती म्हणाली.

पण त्याआधी शेजारची फुलाबाई आली. फुलाबाई विरजण मागायला आली, बोलत बोलत उंबरा ओलांडला आणि दिसेनाशी झाली. भुसभुशीत मुरमावर पडल्याने तिला काही लागलं नाही. पण उठताना तिने मातीत काहीतरी पिवळंधमक चकाकताना बघितलं. ती खणताना फॅनच्या दांडीवरून निसटून पडलेली पितळी रंगाची वाटी होती. ते विचारायला फुलाबाई थांबली नाही. विरजणही न घेता गेली.

संध्याकाळपर्यंत गेनबाला हंडा सापडला होता. तो किती मोठा यावर गावात दोन मतं होती. माणसं सहज म्हणून अंगणात येऊ लागली, मुरमाच्या ढिगात सहज काठी घालू लागली. ज्यांनी दहा वर्षं रामराम घेतला नव्हता त्यांनी गेनबाच्या तब्येतीची चौकशी केली. गेनबा प्रत्येकाला सांगत होता, "फॅन बसवतोय." त्यावर लोक मान डोलवत, डोळा मिचकावत आणि म्हणत, "बसवा, बसवा."

तिसऱ्या दिवशी तलाठी आले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी खाली बघितलं. खड्ड्यात गेनबा आणि चिमाजी जमीन चोपत होते.

"काय चाललंय?"

"फॅन बसवतोय, साहेब."

तलाठ्यांनी एकदा खाली बघितलं, एकदा वर बघितलं. "फॅन वर बसवतात."

"व्हय. पर जावई खाली हाय ना," गेनबा म्हणाला.

तलाठी पंधरा वर्षं नोकरीत होते, त्यांनी पुष्कळ उत्तरं ऐकली होती. हे त्यांना कुठे लिहावं कळेना. तेवढ्यात मन्सूरभाई पिशवी घेऊन पोचले, कोपऱ्यातला बांबू उचलला, सगळं मापानिशी समजावून सांगितलं आणि ती वाटीही दाखवली. तलाठ्यांनी वाटी नखाने खरवडून बघितली. रंग निघाला तेव्हा त्यांचा विश्वास बसला, आणि ते थोडे हिरमुसलेही.

मन्सूरभाईंनी बोर्ड खाली घेतला, लांब दांडी चढवली, फॅन टांगला. दाराशी आणि स्वयंपाकघराशी दोन-दोन दगडी पायऱ्या बसल्या. साळूबाईने जमीन सारवली. मग गेनबाने बांबूच्या टोकाला आपली टोपी घातली आणि तो जावई फॅनखालून चार वेळा फिरवला. एकदा सावकाश, एकदा घाईत, एकदा चिमाजीच्या सांगण्यावरून जेवून उठल्यासारखा. पाती टोपीच्या वीतभर वरून गेली. वाराही भरपूर आला. मन्सूरभाईंनी जत्रेचं आमंत्रण घेतलं आणि गेले.

जत्रेच्या दिवशी लेक-जावई आले. कुमार सवयीने वाकून दारातून शिरला, वाकलेलाच दोन पायऱ्या उतरला आणि तसाच वाकून उभा राहिला. खाली काय झालंय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मन्सूरभाई आधीच येऊन बोर्डापाशी उभे होते. गेनबाने खूण केली आणि फॅन सुरू झाला.

कुमारने वर बघितलं. "अरे वा," तो म्हणाला आणि घोंगडीवर बसला.

पाच मिनिटांनी तो भिंतीकडे सरकला. दहा मिनिटांनी कोपऱ्यात गेला. मग त्याने खिशातला रुमाल काढून कानांवरून बांधला.

"वारं कमी पडतंय त्याला," साळूबाई वरून कुजबुजली.

गेनबाने मन्सूरभाईंकडे बघितलं. मन्सूरभाईंनी रेग्युलेटर पाचावर नेला. दारातलं तोरण आडवं झालं. कुमार उठला, पायऱ्या चढून स्वयंपाकघरात गेला आणि चैत्राच्या भर दुपारी चुलीजवळ जाऊन बसला. तिथे त्याला सात शिंका आल्या.

सुलक्षणाने आईला बाजूला घेतलं. "आये, फॅन बंद कर. ह्यांना फॅनचं वारं सोसत न्हाई. लगेच सर्दी धरती."

"आन् मग आणला कशाला?"

"कारखान्यात दिवाळीला सगळ्यांना वाटले. आमच्यात कोण लावणार? म्हून हिकडं आणला. उन्हाळ्यात लावा म्हणले, म्हंजे तुमाला वारं मिळावं म्हून."

साळूबाईने वरून ओटीकडे बघितलं. दोन फूट खाली गेनबा फॅनखाली एकटा उभा होता आणि वाऱ्याने त्याचं धोतर फुगलं होतं. ती एकेक पायरी उतरली आणि तिने बटण बंद केलं.

फॅन थांबायला वेळ लागला. तो पूर्ण थांबल्यावर कुमार खाली आला. चहाचा कप हातात घेऊन तो नेहमीसारखा वाकून उभा राहिला, आणि वाकलेलाच कप तोंडाला लावताना त्याला काहीतरी वेगळं वाटलं. त्याने मान थोडी वर केली. मग आणखी थोडी. मग हळूहळू पाठ सरळ केली आणि डोक्यावर हात फिरवून बघितला. हात कशालाच लागला नाही. तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला आणि परत आला.

"मामा," तो म्हणाला, "हे फार बरं केलंत."

"फॅन काडून टाकू का?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"फॅनचं नाही म्हणत. या घरात आलो की माझी मान धरायची. रात्रभर ठणकायची. म्हणून सकाळी निघायचो. तुम्हाला सांगायचं कसं?"

"आन् उकाडा?" गेनबाने विचारलं.

"इथं कुठला उकाडा? तोरणा गडावरून वारं येतं की."

कुमार त्या खेपेला सहा दिवस राहिला. सुलक्षणा आईच्या हातचं खाऊन, गावभर हिंडून, दुपारी ओटीवर पाय पसरून झोपून ताजीतवानी झाली. कुमार उभ्यानेच बोलायचा, उभ्यानेच चहा प्यायचा, आणि मोकळ्या मानेने माणूस किती बोलतो ते गेनबाला प्रथमच कळलं. फॅनवर साळूबाईने जुनं लुगडं टाकून ठेवलं.

सहाव्या दिवशी निघताना कुमार म्हणाला, "मामा, एक सांगू? मामींपाशी आत बसायचं म्हटलं की तिथं कौलं फार खाली येतात."

गेनबाने मागे वळून स्वयंपाकघराच्या जमिनीकडे बघितलं. साळूबाईला ती नजर ओळखीची होती. तिने हातातली पळी खाली ठेवली.

"तसं बगू नका," ती म्हणाली. "आधी माझी चूल कुठं मांडायची ते सांगा."

गेनबा अंगणाकडे वळला. तिथे चिमाजी पहार टेकून बसला होता. त्याला कुमारने सकाळीच सांगून ठेवलं होतं.