ऑस्ट्रियाचं खमीर आणि आचोळ्याचं पीठ

मुळात मी हात वर करायलाच नको होता.

आमच्या चर्चच्या पाळकीय मंडळाची सभा होती. मी इनास, बँकेतून रिटायर झालेला हेडक्लार्क, राहणार गिरीज. सवयीप्रमाणे मागच्या बाकावर पंख्याखाली बसलो होतो. (तिथे डुलकी चांगली लागते.) समोर ऑस्ट्रियाहून आलेले पाहुणे होते. त्यांच्या डोंगरातल्या गावचं चर्च आणि आमचं चर्च आता ‘भगिनी धर्मग्राम’ होणार होती. म्हणजे त्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करायची, आम्ही त्यांच्यासाठी करायची, आणि अधूनमधून एकमेकांकडे जेवायला जायचं.

त्या पाहुण्यांत हेडविगबाई होत्या. सत्तरीच्या, उंच, गाल लालबुंद. मांडीवर एक काचेची बरणी घेऊन बसलेल्या. बरणीत पाव फुगवायचं आंबवण होतं, खमीर. त्यांच्या आईने चालू केलेलं आणि तेव्हापासून जिवंत ठेवलेलं. तिकडे म्हणे लोक खमिराला माणसासारखं नावही ठेवतात. याचं नाव थेरेझ. ते बाईंच्या आईचंच नाव.

फादर फ्लॉईडनी बेत समजावून सांगितला. अर्धी थेरेझ तिकडे, अर्धी इकडे. सुगीच्या सणाला दोन्ही गावांनी त्याच खमिराचा पाव भाजायचा आणि एकाच दिवशी खायचा.

“पण हिला रोज पीठपाणी घालावं लागतं,” फादर म्हणाले. “कोण सांभाळणार?”

सभेत सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग फादर सहज बोलून गेले, “जो सांभाळेल, तोच पुढच्या वर्षी आपला गट घेऊन ऑस्ट्रियाला जाईल.”

माझा हात माझ्या आधी वर गेला. “फादर, आमच्या घरात आंबवणाची परंपरा आहे! मी स्वतः जातीने बघेन!” (परंपरा बायकोची. मला आमच्या घरात गॅसचा लायटर कुठे असतो तेही माहीत नव्हतं.)

हेडविगबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलल्या. फादरनी अर्थ सांगितला, “म्हणतात, माझ्या आईला तुमच्या हवाली करते आहे.” मी मान डोलावून वचन दिलं. अगदी मनापासून दिलं. आणि लगेच दुसरा विचार आला की सूट निळा शिवावा की राखाडी.

पॉलिन, म्हणजे माझी बायको, तेव्हा होळी या गावी, माहेरी गेली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. घरात तिला न विचारता काही आणायचं नाही, असा तिचा कायदा आहे. (मागे मी लॉटरीत जिंकलेली बदकं आणली होती, तेव्हापासून.) म्हणून मी बरणी फ्रिजमध्ये लोणच्यामागे लपवली. ती आली की तिचा मूड बघून सांगू, असं ठरवलं. ती आली. मूड बघितला. नाही सांगितलं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा करून घरी आलो तर टेबलावर फुगे. मैद्याचं पीठ आंबवून तळलेले गोल गोल गोळे, आणि सोबत मटणाचा रस्सा. मी खायला बसलो.

“पॉलिन, आज काय झालेत गं फुगे! कापूस नुसता कापूस!”

“हो ना? मलाही वाटलं. आंबवण चांगलं मिळालं.”

मी आणखी घेतले. मग आणखी. पोटावर हात फिरवत पाणी प्यायला उठलो, तर ओट्यावर एक काचेची बरणी धुऊन उपडी घातलेली. वरचं लेबलसुद्धा घासून काढलेलं.

“ही... ही बरणी...”

“फ्रिजमध्ये होती लोणच्यामागे. वास घेतला तर फर्मास. शेजारच्या हिल्डाने ठेवलं असेल म्हटलं.”

“त्यातलं?”

“फुगे झाले की! आता तर खाल्लेत.”

 हेडविगबाईंची आई माझ्या पोटात होती, मटणाच्या रश्श्यासकट.

त्याच क्षणी खरं सांगून टाकलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती. पण पॉलिनला सांगायचं म्हणजे लपवलं हेही सांगायचं. फादरना सांगायचं म्हणजे ऑस्ट्रिया गेलं. सूटसाठी कापड घेऊन झालं होतं. मी ढेकर दिली आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी बरणी पिशवीत घालून स्कूटर काढली आणि थेट रेल्वेच्या पलीकडे, आचोळ्याला गेलो. तिथे एक अण्णा इडलीचं तयार पीठ विकतो. गिरीजमध्ये घेतलं असतं तर तिन्हीसांजेला जपमाळेच्या आधी गावभर झालं असतं. पीठ बरणीत ओतलं. पण थेरेझ होती मातकट रंगाची आणि हे पांढरंशुभ्र. मग त्यात नाचणीचं पीठ कालवलं. लांबून बघितलं तर अगदी ऑस्ट्रियन.

घरी आलो आणि बरणी छातीशी धरून जाहीर केलं, “पॉलिन, हे चर्चचं खमीर. आजच फादरनी दिलं. हात लावायचा नाही!”

तिने बरणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “कालच्यासारखीच बरणी आहे.”

“ऑस्ट्रियात सगळ्या बरण्या अशाच असतात.”

“अच्छा,” म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं ते ‘अच्छा’ मला कळायला हवं होतं.

सुगीच्या सणाला तर कहर झाला. ती बरणी फुलांनी सजवून वेदीजवळ ठेवली. फादर फ्लॉईडनी तिच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं, गायकवृंदाने गीत म्हटलं. मी बाजूला पांढऱ्या शर्टात, हात जोडून, मान खाली. लोकांना वाटलं, इनास किती भक्तिभावाने उभा आहे! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मग बेकरीवाल्याने त्याचे पाव भाजले, आणि मंडळी डोळे मिटून म्हणत होती, “वा! ऑस्ट्रियाची चव आहे!”

“नाचणीची आहे,” पॉलिन म्हणाली. मला ठसका लागला.

मन खायला लागलं. आमच्या फादरकडे पापनिवेदन करायची सोय नव्हती, ते आवाज ओळखतात. म्हणून दूरच्या एका चर्चमध्ये गेलो. जाळीपलीकडे कुणी म्हातारे फादर होते.

“फादर, मी पाप केलंय. इडलीच्या पिठाला आशीर्वाद मिळवून दिला.”



“बाळा,” फादर हळूच म्हणाले, “झोप नीट लागते का?”

तरीही मी रेटत राहिलो. पीठ सारखं उतू जायचं, मग पुन्हा आचोळं. तो अण्णा मला बघून आता ‘हॉटेल कुठे आहे साहेब तुमचं’ असं विचारायला लागला होता.

आणि नाताळाच्या आधी फादर फ्लॉईड धापा टाकत घरी आले. चेहरा उतरलेला.

“इनास, तिकडची थेरेझ गेली. हेडविगबाई आजारी होत्या. कुणी लक्ष दिलं नाही. बुरशी लागली, सगळी फेकून द्यावी लागली.”

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“पण देवाची कृपा बघ! आपल्याकडे अर्धी आहे. बाई स्वतः न्यायला येतायत. फोनवर रडत होत्या रे. म्हणाल्या, माझी आई गिरीजला सुखरूप आहे.”

फादर गेल्यावर मी वाडीत केळींच्या मागे जाऊन उभा राहिलो. आतापर्यंत मला पकडले जाण्याची भीती वाटत होती. आता पहिल्यांदा नुसती लाज वाटली. एका म्हाताऱ्या बाईने विश्वासाने आईची आठवण हातात दिली, आणि मी काय केलं? खाल्ली. वर बोटं चाटली. वर सूट शिवला! (राखाडी.)

हेडविगबाई आल्या त्या दिवशी आमच्या ओटीवर अख्खी आळी जमली होती. मी सूट घातला नव्हता. बाई आधीपेक्षा वाळल्या होत्या, काठी घेऊन चालत होत्या. मी टेबलावर बरणी ठेवली. बाईंनी पर्समधून एक भरतकाम केलेला रुमाल काढला. जुना, विटलेला. फादर म्हणाले, “त्यांची आई याच रुमालाने बरणी झाकायची.”

बाई तो रुमाल त्या इडलीच्या पिठावर घालायला निघाल्या आणि माझ्याने बघवेना.

“थांबा!” मी ओरडलो. “घालू नका! ही थेरेझ नाही. हे इडलीचं पीठ आहे. आचोळ्याचं. वर नाचणी घातलीय. थेरेझ... थेरेझला मी खाल्लं, फादर. फुग्यांत. पहिल्याच रविवारी.”

 फादर फ्लॉईड पांढरेफटक पडले.

“इनास,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “मी इडलीच्या पिठावर पाणी शिंपडलं?”

“हो फादर.”

“गायकवृंदाने गीत म्हटलं?”

“दोन, फादर.”

मग त्यांना ते सगळं बाईंना समजावून सांगावं लागलं. बाईंचा हात रुमालासकट तसाच थांबला. त्या हळूच खुर्चीत बसल्या आणि रुमालाची घडी घालू लागल्या. मला वाटलं, त्यांनी काठी माझ्या डोक्यात घातली असती तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून रडायला लागलो, चारचौघांत, लहान पोरासारखा.

“झालं बोलून?” आतून पॉलिनचा आवाज आला. “वर्ष होत आलं, वाट बघतेय मी.”

ती बाहेर आली. हातात तिचं स्टीलचं पातेलं, वर ताटली. ते तिने बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“मी काय सगळंच तळलं असेन? घरात आलेलं आंबवण कुणी संपवतं का? विरजण राखतो तसं मूठभर राखलं. रोज पीठपाणी घालतेय.”

“आनि मला दिलंन की!” हिल्डा ओरडली. हिल्डा आमची शेजारीण, माहेर कोळीवाड्यातलं, आवाज समुद्रावरचा. “माझ्याकडून पलीकडच्या ज्युलीने नेलं. अख्ख्या आळीत त्याचेच फुगे होतायत. मला काय ठाऊक, ही कोनाची आई हाय म्हनून!”

बाईंनी ताटली काढली. वाकल्या. वास घेतला. बोटाने थोडं जिभेवर लावलं. मग त्यांच्या लाल गालांवरून पाणी वाहायला लागलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, “मामा.” ‘मामा’ म्हणजे आई, हे सांगायला फादरची गरज लागली नाही. पॉलिनने त्यांना जवळ घेतलं. हिल्डाही डोळे पुसत होती, ज्युलीही.

मी हळूच पॉलिनला विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“तुम्ही म्हणालात ना, ऑस्ट्रियात सगळ्या बरण्या अशाच असतात, तेव्हापासून. माझ्या घासणीचा ओरखडासुद्धा होता त्या बरणीवर. सणाला बाकीचं समजलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बघत होते, तुम्ही कधी बोलता ते. फक्त मला विचारलं असतंत, तर त्याच दिवशी निभावलं असतं.”



ऑस्ट्रियाला अर्थातच पॉलिन गेली. मंडळाने एकमताने ठरवलं. (माझंही मत धरून. मी पहिल्यांदा हात वर करायला कचरलो होतो.) मी इकडे घरी, रोज सकाळी पातेल्यात पीठपाणी घालतो. हिल्डा येऊन तपासून जाते.

परवा पॉलिनचा व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फ, अंगात हेडविगबाईंचा जाड स्वेटर. तिने तिथल्या फडताळातल्या दोन बरण्या दाखवल्या. एकीवर तो भरतकामाचा रुमाल, थेरेझ. दुसरीत पांढरं पीठ. तिने तिकडच्या बायकांना इडली शिकवली होती आणि आता दर रविवारी मिस्सा झाली की गाव इडली खातं म्हणे.

“त्या बरणीवर काय लिहिलंय गं?”

“इग्नाझ. म्हणजे इनास. त्यांच्याकडे नाव ठेवतात ना! हेडविगबाईंनी ठेवलंय.”

माझा ऊर भरून आला. एवढं होऊनही त्या माऊलीने मला माफ केलं होतं. परदेशात, आईच्या शेजारी माझं नाव!

“काय म्हणाल्या गं त्या, नाव ठेवताना?”

पॉलिन पदराआड हसायची, तशी स्वेटरच्या बाहीआड हसली. “म्हणाल्या, हे पटकन फुगतं, आणि झाकण काढलं की लगेच खाली बसतं.”