धडामला मार्क देणारी हिरामावशी

आवाजापेक्षा जोरात पळणारं विमान वरून गेलं आणि आभाळ फुटल्यासारखा धडाम झाला, की आमच्या आळीत प्रत्येकाच्या हातातलं काहीतरी पडतं. माझ्या तर कपबश्या गेल्या, चांगल्या आहेरातल्या! शेजारची हिरामावशी मात्र अंगणात सुकत घातलेल्या जवळ्याच्या मासळीपाशी बसून मार्क देते. "ह्यो बारका व्हता. मंगलवारचा कसा, बेंबीपरत गेला!"

एवढं कौतुक कशाला, तर म्हणे कावळे पळतात. "काठी आपटून आपटून माझा खांदा गेला. त्यो इमानवाला एका फटक्यात समदे उडवतो, आनि चा बी मागत न्हाय!"

शाळेतल्या गुरुजींनी तिला नीट समजावलं, "मावशी, विमान पुढे जातं, आवाज मागून येतो."

"मंग माझ्या जावेच्या उलटा," मावशी म्हणाली. "तिची बोंब आधी येते."

जाऊ पाठीमागेच उभी होती. त्यानंतर जे झालं, त्यापेक्षा धडाम परवडला असता.

मध्यंतरी यावरच ग्रामसभा भरली. गावावरून असली विमानं नकोत, असा ठराव सरकारला पाठवायचा होता. आमच्या आळीतली संगीता तान्हं पोर मांडीवर घेऊन पुढेच बसली होती. धडाम झाला की ते काळंनिळं होईस्तोवर रडतं. कुणीतरी म्हणालं, विमानं समुद्रावर न्या. लगेच होडीवाले उठले, "आनि आमी काय तिकडं पत्ते खेलतो?" मग काय, नुसता मासळीबाजार!

तेवढ्यात मावशी उभी राहिली. "समदे बंद करू नका. आठवड्याला एक तरी ठेवा. दुपारची जेवनं झाल्यावर."

सभा खो खो हसली. "कावळ्यांसाठी ना?" गुरुजींनी विचारलं.

"कावल्यांना काठी हाय," मावशी म्हणाली. "धडाम झाला का तुमी समदी घराबायेर येता. 'मावशी, बरी हायस ना?' म्हनून इचारता. येरवी दारं लावून टीव्ही बघता. मी बोलू कोनाशी?"

हसणं कुठल्या कुठे गेलं. गुरुजी ठरावाचा कागद धरून उभे होते, पण 'हात वर करा' म्हणायचा त्यांना धीर होईना.

मावशीनं संगीताच्या मांडीवर झोपलेल्या पोराकडं पाहिलं, आणि सगळ्यांच्या आधी तिनंच हात वर केला.

"घाला बंदी. पोराला निजू द्या."

मेला माझाच हात वर जाईना.