किल्लीवाले चौदा वर्षांचे होतात

बुधवारी सकाळी किल्लीवाल्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि फोन उघडला, तर फोनने त्यांना कळवले की ते चौदा वर्षांचे आहेत. नव्या कायद्याप्रमाणे सोळाच्या आतल्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय इथे येता येणार नाही. मजकुराच्या खाली एक हसरे अस्वल हात हलवत होते.

किल्लीवाले एकाहत्तर वर्षांचे होते. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची दारे, कपाटे आणि तिजोऱ्या उघडून दिल्या होत्या. आपणच बाहेर अडकायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

चूक त्यांचीच, पण ती धंद्यातली चूक होती. आकड्यांच्या कुलपाला स्वतःची जन्मतारीख कधी द्यायची नाही, चोर पहिल्यांदा तीच लावून बघतो, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. म्हणून नऊ वर्षांपूर्वी निरोप पाठवायच्या या ॲपवर खाते उघडताना जन्मतारीख विचारली, तेव्हा त्यांनी दुकानात किल्ल्या कापायचे यंत्र आले त्या दिवसाची तारीख ठोकून दिली. पाच वर्षांचे मूल खाते उघडते आहे, याचे तेव्हा कुणाला काही वाटले नव्हते.

एरवी त्यांनी फोन मिटून ठेवला असता. पण त्या खात्यावर त्यांचा बुद्धिबळाचा डाव चालू होता. दुकानातला जुना भागीदार म्हातारपणी लेकीकडे दूरच्या शहरात राहायला गेला होता, आणि दोघे एकमेकांना चाली लिहून पाठवत. नऊ वर्षांत किल्लीवाले एकदाही जिंकले नव्हते. या वेळी मात्र घोडा पुढे टाकला की भागीदाराने काहीही केले तरी पुढच्या चालीला मात होती. तो आनंद पुरवून पुरवून घ्यावा म्हणून त्यांनी सहा दिवस चाल पाठवलीच नाही. सात दिवसांत चाल आली नाही तर डाव गेला, असा दोघांचा नियम होता. मुदत आज रात्री आठला संपत होती.

फोन करून चाल सांगायची सोय नव्हती. चाल लेखीच हवी, तीही स्वतःच्या खात्यावरून, हा किल्लीवाल्यांचाच आग्रह होता. भागीदाराला एका कानाने ऐकू येत नसे, आणि हरताना दोन्ही कानांनी.

फोनने वय सिद्ध करायला चेहरा दाखवा म्हटले. किल्लीवाले खिडकीपाशी उजेडात बसले. यंत्राने त्यांच्या पांढऱ्या मिशा बघितल्या, जरा विचार केला आणि लिहिले, ‘कृपया आजोबांना बाजूला व्हायला सांगा.’ त्यांनी मिशा खाली दाबून पुन्हा चेहरा दाखवला. तिसऱ्या खेपेला यंत्राने, घरातल्या वडीलधाऱ्यांचा असा वापर करणे चांगल्या मुलाला शोभत नाही, असे कळवून ती वाटच बंद केली.

आता पालक हवा होता. किल्लीवाल्यांची लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची. दिवसभर ‘खालची ओळ वाचा’ म्हणून ती साडेसहाला घरी आली, तेव्हा वडील दारातच उभे होते.

“तुला माझी आई व्हायचंय,” ते म्हणाले.

लेकीने पिशवी ठेवली आणि पाणी पिऊन सगळे ऐकून घेतले. मग ती अर्ज भरायला बसली. मुलाशी नाते काय, या प्रश्नाला ‘मुलगी’ असे उत्तरच नव्हते. तिने ‘आई’वर बोट ठेवले. मूल दिवसातून किती वेळ बाहेर खेळते, याचे उत्तर तिने वडिलांकडे बघून दिले, ‘अजिबात नाही’.

“असं का लिहिलंस?” किल्लीवाल्यांनी विचारले.

“डॉक्टर चालायला सांगून थकले. निदान इथं तरी नोंद होऊ दे.”

तिने रोज अर्धा तास वेळ दिला आणि रात्री आठला कुलूप ठरवले. नऊपर्यंत तरी ठेव, म्हणून किल्लीवाल्यांनी विनवले. तिने लहानपणी त्यांच्याकडून ऐकलेले वाक्य त्यांना शांतपणे परत दिले, “आठ म्हणजे आठ.”

खाते उघडले तेव्हा पावणेआठ झाले होते. पण ओळखींची जुनी यादी कोरी झाली होती, भागीदाराचे नाव कुठेच नव्हते. मुलांना अनोळखी प्रौढांशी बोलता येत नाही, असे अस्वल सांगत होते. भागीदार त्र्याहत्तरचा. किल्लीवाले खुर्चीत मागे टेकले. नऊ वर्षांतला एकुलता एक विजय पंधरा मिनिटांच्या अंतरावर, आणि मध्ये एक अस्वल.

“थांबा बाबा,” लेक म्हणाली. “खाली काहीतरी आलंय. तुमच्याच वयाचा एक मित्र सुचवलाय. वाढदिवससुद्धा तुमचाच.”

त्यांनी बघितले. फोटोत भागीदाराचे टक्कल चमकत होते.

किल्लीवाल्यांना आधी आनंद झाला आणि लगेच अपमान वाटला. किल्ल्या कापायचे ते यंत्र दोघांनी मिळून आणले होते. आपली तारीख जगात कुणाला लागणार नाही असे ते नऊ वर्षे समजत होते, आणि धंद्यातल्या त्याच शहाणपणाने भागीदाराने तीच निवडली होती. तिकडे त्याचा जावई त्याचा बाप झाला होता.

सात वाजून बावन्न मिनिटांनी घोडा गेला. चार मिनिटांनी उत्तर आले, ‘चाल मिळाली. बाबा फोन मागतायत. उद्या बघू.’

“जावयावर ढकलतोय,” किल्लीवाले म्हणाले. “हरायला लागला की दुकानातसुद्धा असाच गिऱ्हाईक आलं म्हणून उठायचा.”

गुरुवारी भागीदाराला अभ्यास होता. शुक्रवारी त्याला लवकर झोपवले होते. शनिवार-रविवार तो बोललाच नाही.

लेकीने मात्र दरम्यान खटपट केली. ओळखपत्र, दुकानाचा जुना परवाना, डोळ्यांच्या तपासणीचा कागद, सगळे पाठवले. सोमवारी संध्याकाळी उत्तर आले. झाल्या चुकीबद्दल दिलगिरी होती, आणि ‘हो’ म्हटले की किल्लीवाले पुन्हा एकाहत्तर वर्षांचे होणार होते. वेळेचे बंधन नाही, कुलूप नाही, अस्वल नाही.

त्यांनी बोट उचलले. सवयीने त्यांनी आधी खालची बारीक ओळ वाचली. प्रौढ झाल्यावर आपला मुलांशी संपर्क बंद होईल, असे तिथे लिहिले होते.

त्यांनी बोट मागे घेतले आणि ती ओळ लेकीला दाखवली.

“नको म्हणून कळव,” ते म्हणाले. “त्याचा राजा पडेपर्यंत मला मोठं व्हायचं नाही.”

लेकीने घड्याळाकडे बघितले. आठला पाच मिनिटे होती.

“मग द्या इकडे फोन,” ती म्हणाली, “आणि चपला घाला. कोपऱ्यापर्यंत चालून यायचं.”