शिवेवरचा कंप

सुलाबाईंच्या हातातला तांब्या गाडीत तीनदा डचमळला आणि चौथ्यांदा त्यांच्याच पदरात सांडला, तेव्हा मागच्या सीटवरून त्यांनी निकाल दिला, "आवं, ह्या गाडीला थंडी वाजतीया."

"पुढं तर काय जाणवंना," दादासो म्हणाले.

"पुढं तुमी बसताय. मीबी आजच मागं बसली. हुडहुडी मागं हाय. दातावर दात आपटाय लागलं माझं."

दादासोंनी फौजेत वीस वर्षं ट्रक हाकला होता. लडाखच्या बर्फात इंजिनाशी गोड बोलून ते चालू केलं होतं. आणि सतरा वर्षांची ही पांढरी, सुटकेसएवढी गाडी तर त्यांनी लेकरासारखी सांभाळलेली. तिला हुडहुडी भरली हे ऐकून त्यांच्याच अंगावर काटा आला, कारण सप्ताहाचा काला आठ दिवसांवर होता.

पिंपळजाई गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन आटपाडीच्या कोंडीबाबुवांचं. बुवांना आणायचा मान नऊ वर्षं दादासोंचा आणि त्यांच्या या गाडीचा. कीर्तन संपलं की गावानं दिलेला नारळ बुवा दादासोंच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "सारथी, हा तुमचा." त्या एका शब्दावर दादासो वर्षभर जगत.

आणि बुवा कीर्तनाची सुरुवात कशानं करत? गळ्यातली वीणा सावरत ते म्हणत, "मंडळी, आटपाडीस्नं निघताना अंग गप असतं. पण तुमच्या गावाची शीव आली की अंगात कंप भरतो. आठ सात्त्विक भाव सांगितलेत, त्यातला कंप मला तुमच्या मातीत गावला. दुसरीकडं कुठं न्हाई. आन् दरसाली वाढतोय."

दरसाली वाढतोय म्हटल्यावर आयाबाया पदर डोळ्यांना लावत. आपली पुण्याई चढती आहे हे कळल्यावर पंचक्रोशीत गावाची मान ताठ होई. दादासो तर खांबाला टेकून नुसते रडत. तो कंप भरलेला देह त्यांनी आपल्या गाडीतून आणलेला असे.

पण गाडी हादरते ही बातमी सुलाबाईंच्या ओल्या पदराबरोबर गावात पोचली आणि संध्याकाळी सप्ताह कमिटीचा अध्यक्ष विश्वजीत दारात आला. त्यानं नुकतीच बैठ्या हत्तीसारखी नवी गाडी घेतली होती.

"काका, बुवांची हाडं आता सत्तरीची झाली," तो म्हणाला. "यंदा माझी गाडी जाऊ द्या. बसलेलं कळतबी न्हाई तिच्यात."

"आठ दिस हाईत. करतो की नीट."

"न्हाई झाली तर?"

"तर तू जा," दादासो म्हणाले आणि आत जाऊन पाणी न पिताच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी ते म्हसवडला जालिंदर मिस्त्रीकडे निघाले. निघण्यापूर्वी त्यांनी नेहमीप्रमाणे अंघोळ करून डिकीतलं देवाचं सामान काढून देवघरात ठेवलं. मिस्त्रीचे ग्रीसचे हात त्याला लागू नयेत, एवढाच हेतू. देवाचं निघालं की डिकी ते झाडून घेत आणि जिथली वस्तू तिथं नीट कसून बसवत. फौजेची शिस्त.

जालिंदरनं सिद्धनाथाच्या देवळापर्यंत चक्कर मारली. "कुठाय हादरा?"

"साठच्या पुढं येतो."

साठच्या पुढं नेली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तरी गिऱ्हाईकाचं समाधान म्हणून जालिंदरनं चारी चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं. दादासो आनंदात घरी आले, देवाचं सामान पुन्हा डिकीत ठेवलं, सुलाबाईंना मागं बसवलं. तांब्या पुन्हा सांडला.

मग सातारा. तिथल्या मोठ्या गॅरेजात गाडीला कॉम्प्युटर लावतात. देवाचं सामान देवघरात, गाडी साताऱ्यात. कॉम्प्युटरनं बराच विचार केला आणि गाडीची प्रकृती तिच्या वयाच्या मानानं उत्तम असल्याचं सांगितलं. तरी इंजिनाखालची रबरं जुनी होती, ती बदलली. येताना दादासो गाणं म्हणत आले. घरी सामान परत डिकीत ठेवलं आणि शेजारच्या रेश्माला मागं बसवून चक्कर मारली. उतरताना ती म्हणाली, "काका, माझा मोबाईल हातातनं उडाला."

दादासो ओट्यावर बसले. "मिस्त्री बघितला की हादरा पळतो, आन् घर बघितलं की येतो. हे काय मशिनीचं लक्षण न्हाई, सुले. ह्यात काय तरी थोर हाय."

"थोर कशाचं," सुलाबाई म्हणाल्या. "तुमाला लाजतीया गाडी."

जालिंदरची लेक प्रियंका आयटीआय झालेली, बापाच्या गॅरेजात तीच आता अवघड केसेस बघायची. तिनं फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काका, गाडी हिकडं आणू नका. मीच येते. आन् काय आवरू नका, आहे तशी ठेवा."

काल्याच्या आदल्या सकाळी ती न सांगता आली. दादासोंची अजून अंघोळही व्हायची होती. प्रियंका थेट मागच्या सीटवर बसली. "चला. गावाच्या शिवेकडं."

आटपाडीपासूनचा रस्ता असा, की खड्ड्यांमुळे चाळीसच्या वर काटा जात नाही. फक्त पिंपळजाईची शीव लागली की चार किलोमीटर तुळतुळीत डांबर. तिथं दादासोंनी पाय दाबला. साठ झाले आणि मागून प्रियंकाचा थरथरता आवाज आला, "का-का, न्यू-ट्रल करा."

न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, गाडी आपल्या वेगात धावत राहिली आणि हादराही चालूच राहिला.

"इंजिन न्हाई," ती म्हणाली. मग तिनं तळहात सीटच्या पाठीवर ठेवला, दाराला लावला, खाली टेकवला. वैद्यानं नाडी बघावी तशी डोळे मिटून बसली. दादासोंनी आरशातून ते ध्यान पाहिलं आणि आपसूक एक हात स्टेअरिंगवरून छातीशी नेला. "थांबवा. डिकी उघडा."

"अगं, माझी अंघोळ न्हाई झाली."

"डिकी उघडाय अंघोळ कशाला, काका?"

उघडली. गालिचा उचलला. स्टेपनीचं चाक मोकळंच पडलं होतं, त्याचा बोल्ट कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला. आणि चाकाच्या पोटात, चाकाखाली, एकेक हळदकुंकू लावलेले, लाल कापडात बांधलेले नऊ नारळ.

"बुवांच्या हातचा परसाद," दादासो हळू आवाजात म्हणाले. "फोडायचा कसा? गाडीत ठेवला. दोन मावले चाकाच्या पोटात. तिसऱ्याला जागा हुईना, मग बोल्ट काढला. चाक वर ठेवलं."

प्रियंकानं स्टेपनीला बोटानं ढकललं. चाक नारळांवर अलगद डोललं. "नऊ गोळ्यांवर एक चाक. साठला रस्त्याचा थरकाप त्याला घावतो आन् ते नाचाय लागतं. आन् तुमी मिस्त्रीकडं येताना ह्ये काढून, चाक कसून येता." ती काही हसली नाही. दादासोंच्या तोंडाकडं बघून तिनंही नारळांना हात जोडले. मग नारळ कापडासकट सीटवर ठेवून बोल्ट कसला.

त्या रात्री नारळ देवघरात विसावले आणि पहाटे दादासो आटपाडीला गेले. येताना गाडी अशी चालली, की बुवांनी दोनदा विचारलं, "चालू हाय न्हवं?" दादासोंचा ऊर भरून आला.

शीव आली. तुळतुळीत डांबर आलं. साठ, पासष्ट. बुवा डोळे मिटून, हात मांडीवर उताणे ठेवून वाट बघत बसले. वेशीची कमान दिसू लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"गाव आलं?"

"आलं की, बुवा."

"यंदा न्हाई आला." बुवांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "कंप न्हाई आला, दादासो. माझंच काय तरी चुकलं असंल. इतकी वर्षं देव शिवेवर घ्यायला येत हुता."

दादासोंचा पाय ब्रेकवर गेला. नऊ वर्षांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर नऊ लाल कापडांत उभा राहिला. तिसऱ्या वर्षी बोल्ट काढला, चौथ्या वर्षी कंप आला. दरसाली एक नारळ. दरसाली वाढ. समोर कमानीपाशी टाळकरी उभे होते, विश्वजीत हार घेऊन उभा होता. गप्प बसलं तर मान राहत होता. पण मागच्या सीटवर एक साधू माणूस स्वतःला पापी समजत बसला होता.

"बुवा, तुमचं काय चुकलं न्हाई," दादासो म्हणाले. "नारळांचं चुकलं." आणि वळून न बघता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

गाडी कमानीपाशी थांबली. मग बुवा गाडीतून उतरले, हार घालून घेतला आणि तडक मंडपाकडं चालू लागले.

वीणा गळ्यात पडली. गाव कान देऊन बसलं. बुवा म्हणाले, "मंडळी, सहा वर्षं मी तुमाला ज्या कंपाचं सांगत आलो, तो माझ्या भक्तीचा न्हवता. दादासोंच्या डिकीतल्या नारळांचा हुता." आणि त्यांनी पहिल्या नारळापासून नवव्यापर्यंत सगळं रंगवून सांगितलं. मंडप हसून हसून आडवा झाला. विश्वजीतनं हारांची टोपली तोंडावर धरली. दादासो खांबामागं सरकले.

"हसा," बुवा म्हणाले. "पण एक सांगा. परसादाचा नारळ कुणी फोडून खाल्ला असता, कुणी विसरला असता. ह्या माणसानं स्टेपनी मोकळी केली, पर नारळ खाली ठेवला न्हाई. मिस्त्रीचा हात लागू नये म्हणून काढला, पुन्हा अंघोळ करून ठेवला. मी नऊ वर्षं तुमच्या शिवेवर देव शोधत आलो, आन् ज्या देवाच्या वस्तूवर बसून आलो, तिच्याकडं..."

पुढचं वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. मृदंगही थांबला. काल्याची हंडी फुटली, लाह्या उडाल्या, आणि गावानं दिलेला नारळ घेऊन बुवा खांबामागं आले.

"सारथी, हा तुमचा. आन् घरी जाऊन फोडायचा."

दादासोंनी ओंजळ पुढं केली. नारळ हातावर टेकला आणि त्यांच्या लक्षात आलं, की तो थरथरतोय. बुवांचा हात, खांदा, पांढरी दाढी, सगळं हलत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

दादासोंनी आधी बुवांकडं पाहिलं. मग मंडपाच्या फटीतून दूर, कमानीपाशी उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं. ती बंद होती. बोल्ट कसलेला होता.